तीन चरे

वाईचं घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी गिऱ्हाईक आलं ते आत्याच्या शिवणयंत्राला. यंत्राला म्हणजे त्याच्या खालच्या बिडाच्या स्टँडला. वर जाड काच टाकली की हॉटेलात टेबल म्हणून फार शोभून दिसतं, असं तो माणूस म्हणाला. "वरचं डोकं तुम्ही ठेवून घ्या हवं तर. जामच आहे ते, भंगारातच जाणार." मी मोठं चाक फिरवून पाहिलं. खरंच, तसूभरही हललं नाही. तरीही मी नाही म्हटलं आणि टेंपो करून यंत्र पुण्याला घेऊन आले.

अशी किती डोकी आजवर भंगारात गेली असतील याचा विचार केला की जिवाला लागतं. त्यातली बहुतेक बिघडलेली नसतात. घरात ती चालवणारं कुणी उरलेलं नसतं, आणि कुठला स्क्रू कशाचा हे सांगणारंही. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक दोन-तीन घरं बदलताना कधीच हरवलेलं असतं. आमचंही हरवलं होतं. उरलं होतं ते काळं लोखंड, त्यावरची झिजलेली सोनेरी वेलबुट्टी आणि खांबावरचे तीन चरे.

हे चरे नेमके कुठे होते ते सांगते. यंत्राच्या उभ्या खांबात, पुढच्या अंगाला, एक उभी फट आहे. तिच्यातून बोटाच्या पेराएवढा दांडा बाहेर आलेला आहे आणि तो वरखाली होतो. फटीच्या कडेला धातूची पट्टी आहे. तिच्यावर पूर्वी आकडे होते. हातांनी, तेलाने आणि फडक्याने ते पार पुसले गेलेत, एखाद्या ठिकाणी वळणाचा भास उरलाय इतकंच. पण त्याच पट्टीवर कुणीतरी टोकदार वस्तूने तीन आडवे चरे ओढलेत. दोन जवळजवळ, तिसरा बराच खाली.

मी आत्याला फोन केला. आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, धाकट्या मुलाकडे असते. "ते माझे नाहीत गं," ती म्हणाली. "आईचे ते. तिला आपले आकडे यायचे, पण मशीनवरचे इंग्रजी कुठे यायचे? म्हणून तिने खुणा केल्या होत्या. एक पोलक्याची, एक परकराची."

"आणि तिसरी?"

"तिसरी कशाची होती... आता नाही बाई आठवत."

आजोबांनी हे यंत्र हप्त्यांवर घेतलं होतं एवढं मात्र घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तळाच्या पाटीवर, पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे, यंत्राचा नंबर ठोकलेला असतो. आमच्यावर आधी ई आणि बी ही दोन इंग्रजी अक्षरं आहेत. ईपासून सुरू होणाऱ्या अक्षरजोड्यांची ही मालिका सिंगर कंपनीच्या स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची, साधारण १९३५ नंतरची. म्हणजे दुसरं महायुद्ध पेटायच्या सुमाराचं हे यंत्र. तो कारखाना किलबोवी नावाच्या भागात होता, म्हणून तिथल्या यंत्रांच्या मॉडेलच्या क्रमांकात के हे अक्षर येतं. १८८० नंतरच्या दशकात तो उभा राहिला, एके काळी हजारो माणसं तिथे कामाला होती आणि १९८० साली तो बंद पडला. कारखान्याची इमारत आता नाही, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे.

पेठेतल्या एका बोळात शिवणयंत्रं दुरुस्त करणारे एक मिस्त्री बसतात. वय सत्तरीच्या पुढे, दुकान जेमतेम दोन माणसं मावतील एवढं. भिंतीवर तारेत ओवलेले पट्टे, बॉबिन केसांच्या माळा, जुन्या पत्र्याच्या डब्यांतून स्क्रू. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "जाम मशीन मेलेलं नसतं, ताई. त्यातलं तेल मेलेलं असतं."

घरोघरी मशीनचं तेल संपलं की खोबरेल किंवा गोडेतेल घालायची पद्धत होती. हे खायचं तेल काही महिन्यांत घट्ट होतं, मग चिकट आणि शेवटी लाखेसारखं कडक. लोखंड लोखंडाला चिकटलेलं नसतं. मध्ये या तेलाचा थर बसलेला असतो. मिस्त्रींनी बाटलीभर रॉकेल दिलं आणि दोन गोष्टी बजावल्या. यंत्राच्या अंगावर दिसेल त्या प्रत्येक भोकात आणि जिथे जिथे एक भाग दुसऱ्यावर घासतो तिथे थेंब थेंब सोडायचं, जोर करायचा नाही. आणि काळ्या रंगावर, सोनेरी नक्षीवर स्पिरिट चुकूनही लावायचं नाही, कारण नक्षीवरचा लाखेचा हात स्पिरिटने विरघळतो आणि सोनं फडक्यावर येतं.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट," ते म्हणाले, "एका वेळी एकच स्क्रू. फिरवायच्या आधी तो कुठे होता ते बघून ठेवा. दोन एकदम फिरवलेत तर कशाने काय झालं ते मशीन तुम्हाला सांगू शकत नाही."

पुढचे दोन महिने मी याच एका वाक्यावर काढले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाक हललं. आधी केसभर पुढे, मग केसभर मागे. दर तासाला रॉकेलचे थेंब आणि चाकाला हलकेच झोका, असं करत रात्री नऊच्या सुमाराला त्याने पहिला पूर्ण फेरा घेतला. आतून तपकिरी, डिंकासारखा ओघळ बाहेर आला. सगळं पुसून, खरं मशीनचं पातळ तेल घालून मी पायडल मारलं. चाक झरझर फिरायला लागलं आणि सुई मात्र जागची हलेना.

मोठ्या चाकाच्या मधोमध एक लहान चाक असतं. बॉबिन भरताना सुई उगाच वरखाली होऊ नये म्हणून ते सैल करायचं, भरून झालं की आवळायचं. साफ करताना मी ते काढलं होतं. त्याच्या आत एक पातळ वॉशर असतो: बाहेरच्या कडेला तीन कान, आतल्या कडेला दोन दुमडलेले. हा वॉशर दोन तऱ्हांनी बसतो आणि दोन्ही वेळा बरोबरच बसल्यासारखा वाटतो. पण उलटा बसला की लहान चाकाचा छोटा स्क्रू भलत्याच जागी कानाला अडतो आणि चाक पुरतं आवळलंच जात नाही. वॉशर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला आणि सुई खाली उतरली. एवढ्याशा चकतीपायी एखादं यंत्र "चालत नाही" म्हणून घराबाहेर गेलं असेल, हे आता मला सहज पटतं.

त्यानंतर मी एक काम केलं आणि ते प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. शिवायला बसण्याआधी यंत्र मागे कलतं करून, डावीकडची सरकती पट्टी ओढून, हाताने अगदी सावकाश चाक फिरवत खाली काय चालतं ते पाहिलं. चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं. उलटं फिरलं की दोरा अडकतो, तुटतो. सुई कापडातून खाली जाते. अगदी तळाला पोचून ती किंचित वर येते, आणि त्या किंचित वर येण्यात सगळी करामत आहे. दोरा कापडाला घासून मागे राहतो आणि सुईच्या पाठीशी त्याचा इवलासा फुगा होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचा आकडा येतो, त्या फुग्यात टोक घालतो आणि वरचा दोरा बॉबिनच्या सगळ्या अंगावरून ओढून नेतो. आमचं यंत्र सिंगरच्या १५ नंबरच्या घराण्यातलं; या घराण्यात आकडा पूर्ण गोल फिरत नाही. पाळण्यासारखा अर्धा वळसा पुढे आणि अर्धा मागे येतो. तोवर वरचा दांडा दोरा खेचून घेतो आणि दोन दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकून बसतात. एक टाका. मी तो एकच टाका वीसेक वेळा पाहिला असेन.

या टाक्याच्या मुळाशी आहे टोकाला नेढं असलेली सुई. हातशिलाईची सुई बुडाला नेढं घेऊन कापडाच्या आरपार जाते. यंत्राची सुई दोरा फक्त खाली पोचवते आणि परत येते. अमेरिकेत एलियास हाऊ याने अशा दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट १८४६ साली घेतलं आणि आयझॅक मेरिट सिंगरने आपल्या यंत्राचं १८५१ साली. मग कोर्टकज्जे झाले आणि १८५६ साली मुख्य पेटंटवाल्यांनी एकत्र येऊन तोडगा काढला. त्याच सुमाराला सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्यांवर यंत्र विकायची पद्धत काढली. माझ्या दृष्टीने या धंद्यातली ही सुईइतकीच मोठी गोष्ट, कारण वाईसारख्या गावातल्या घरात हे यंत्र पोचलं ते हप्त्यांमुळे. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिंगरचा पसारा उभा केला तो मुंबईतल्या एका पारशी गृहस्थाने, नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ पासून बायकांना जे शिकवलं त्यात शिवणही होतं. यंत्रांच्या सोसाविरुद्ध इतकं लिहिणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली बोलताना सिंगरचं यंत्र अपवाद म्हणून बाजूला काढलं होतं. सिंगरने ते बायकोच्या मायेपोटी शोधलं असं त्यांनी मानलं. सिंगरच्या चरित्रात त्याला आधार सापडत नाही, पण घरात बसून स्वतःच्या हाताने चालवायचं यंत्र म्हणून त्यांनी केलेली निवड मला योग्य वाटते.

आता सुई. दुकानात "मशीनची सुई द्या" म्हटलं की दोन तऱ्हेच्या मिळू शकतात. कारखान्यातल्या यंत्रांची सुई बुडाला पूर्ण गोल असते. घरगुती यंत्राच्या सुईचं बूड एका बाजूने चपटं. आपल्याला चपट्या बुडाची हवी. तिच्या पुड्यावर १५×१ असं लिहिलेलं सापडतं आणि हा १५ सिंगरच्या याच १५ नंबरच्या घराण्याचा आहे. यंत्रं बदलली, सुईने नाव टाकलं नाही. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६, त्याहून जाड असेल तर १८.

सुई लावायची कशी, यावरून मी एक दुपार घालवली, कारण पुस्तक नाही आणि यंत्रागणिक दिशा वेगळी. पण सुईच ते सांगते. तिच्या एका अंगावर वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. खाली जाताना दोरा त्या खाचेत लपतो. दुसऱ्या अंगाला, चपट्या बाजूला, नेढ्याच्या वर छोटा खळगा असतो. आकडा तिथूनच येतो. म्हणून चपटी बाजू आकड्याकडे, लांब खाच त्याच्या उलट बाजूला आणि दोरा खाचेकडून ओवायचा. हे कळलं की पुस्तकावाचून कुठल्याही जुन्या यंत्राला सुई लावता येते.

सुई बसली, दोरा ओवला, जुन्या चादरीच्या तुकड्यावर टीप मारली. वरून टीप बरी दिसत होती. कापड उलटलं तर खाली दोऱ्याच्या नुसत्या अळ्या लोंबत होत्या. गुंता खाली आहे म्हणजे दोष बॉबिनचा, असं समजून मी बॉबिन केसचा बारका स्क्रू आवळला. अळ्या वाढल्या. आणखी आवळला, दोरा तुटला. मग मिस्त्रींचं वाक्य आठवून स्क्रू पहिल्या जागी आणला आणि तो कापडाचा तुकडा घेऊन पेठेत गेले.

त्यांनी तो बोटांत चोळला. "खाली दिसतंय ना? मग चूक वर आहे."

हे ऐकायला उलटं वाटतं, पण सरळ आहे. वरच्या दोऱ्याला कुणी धरून ठेवलं नाही की खालचा त्याला हवा तेवढा ओढून घेतो आणि तो खाली साचतो. वरचा दोरा धरतात त्या दोन चकत्या, स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या. दाबाचा पाय वर उचलला की आतली पिन त्यांना सैल करते, पाय खाली टाकला की त्या मिटतात. "दोरा ओवताना पाय खाली होता ना तुमचा?" त्यांनी विचारलं. होता. मिटलेल्या चकत्यांच्या मध्ये दोरा गेलाच नव्हता, नुसता कडेवरून गेला होता. घरी येऊन पाय वर करून पुन्हा ओवलं, अळ्या गेल्या.

बॉबिनची परीक्षाही त्यांनीच शिकवली. भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबती सोडायची. आपोआप घसरत खाली गेली तर सैल. झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. झटक्यासरशी दोन बोटं उतरून थांबली तर तिला पुन्हा हात लावायचा नाही; पुढचं सगळं वरच्या चकत्यांच्या नटाने जमवायचं. पाव फेरा, टीप, बघा. पाव फेरा, टीप, बघा. दोन दोऱ्यांची गाठ वरही दिसत नाही आणि खालीही दिसत नाही, अशी एक जागा येते. आमच्या यंत्राची ती जागा सापडली तेव्हा मी टीप मारलेला तो तुकडा उजेडाकडे धरून बराच वेळ बघत बसले.

दाबाच्या पायावर किती भार असावा हे डोक्यावरचा स्क्रू ठरवतो. तलम कापडाला कमी, जाडाला जास्त. त्यात कोडं काही नाही.

मग राहिला तो फटीतला दांडा. तो टाक्याची लांबी ठरवतो हे माहीत होतं: खाली नेला की टाका लांब, वर आणला की आखूड, आणि मध्याच्या वर गेला की कापड उलटं सरकतं, टीप पक्की करायला ते लागतं. अशा पट्ट्यांवर सिंगरचे आकडे ६ पासून ३० पर्यंत असायचे, म्हणजे इंचाला ६ टाके ते इंचाला ३०. आमच्या पट्टीवर आकड्यांऐवजी आजीचे चरे होते, आणि आजीने काय मोजलं होतं ते मला हवं होतं.

मिस्त्रींनी सांगितलेली युक्ती अशी: सुईतला दोरा काढायचा, बॉबिन काढायची आणि कापडाऐवजी वहीचा कागद घालायचा. दांडा पहिल्या चऱ्यावर धरून मी कागदावर भोकांची एक रांग मारली. दुसऱ्यावर दुसरी, तिसऱ्यावर तिसरी. मग पट्टी लावून एका इंचातली भोकं मोजली. पहिल्या रांगेत १५. दुसरीत १२. तिसरीत फक्त ८.

पंधरा पोलक्याचे, हे पटलं. काखेत, बाहीत ताण येतो, टाका बारीक हवा. बारा परकराचे, तेही पटलं. पण आठ? एवढा लांब टाका कुठल्या अंगावरच्या कपड्याला कुणी घालत नाही. चुण्या ओढायला घालतात, पण आजी चुण्या हाताने घालायची, हे आत्याने शपथेवर सांगितलं. गोधड्याही हाताच्याच. कच्च्या टाक्यासाठी कुणी यंत्रावर जाणार नाही. मी कागद फ्रिजच्या दारावर लावून ठेवला.

वाईहून आणलेल्या सामानात एक पत्र्याची ट्रंक होती. तिची झडती मी गणपतीनंतर घेतली. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, लहान मुलीचा एक निळा परकर निघाला. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेला. घेराच्या खालच्या भागात दोन आडवे पट्टे होते, बाकीच्या कापडापेक्षा कितीतरी गडद निळे, जणू नवेच. प्रत्येक पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या काठाला बारीक भोकांची सरळ ओळ. पट्ट्यांच्या वर एक दुमड अजून शिवलेली होती.

टक. मुलगी वाढणार म्हणून परकर मुळातच लांब बेतायचा, जास्तीचं कापड आडव्या दुमडीत घालून शिवून टाकायचं आणि दर वर्षी एक टक उसवून परकर खाली सोडायचा. दुमडीत राहिलेल्या कापडाला ऊन लागलं नाही, धुण्याचा दगड लागला नाही, म्हणून ते गडद राहिलं. मी पट्टी आणली आणि भोकांची ओळ मोजली. एका इंचात आठ. दुसरी ओळ, आठ. तिसऱ्या, अजून न उसवलेल्या टकेवर टाके तसेच होते, तेही आठ.

हा टाका उसवण्यासाठीच घातलेला होता. लांब, म्हणजे ब्लेडचं टोक सहज शिरेल आणि कापड फाटणार नाही असा. शिवतानाच पुढच्या जूनचा विचार केलेला.

रविवारी परकर घेऊन आत्याकडे गेले. तिला आता नीट दिसत नाही. तिने तो मांडीवर घेतला, बोटाने गडद पट्ट्याची कड चाचपली, मग वरची शिवलेली दुमड. "अगंबाई," ती म्हणाली, "टकेचा चरा तो. मीच उसवायचे, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. आई ब्लेड हातात द्यायची नाही, सुईनेच उसव म्हणायची."

"मग ही तिसरी राहिली कशी?"

"ही?" ती त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिली. "त्या जूनला मला पातळ नेसवलं."